प्रकाशचित्रांचा झब्बू: कोकण किनारा आणि तीन

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. या वेळच्या झब्बूचा, म्हणजे एकाच विषयावर एकामागून एकाने चित्रे देत जाण्याच्या खेळाचा, विषय आहे 'तीन'. प्रकाशचित्र रोजच्या जगण्यातले असो वा प्रवासातले, ते कोकण किनाऱ्यावरचे असावे आणि त्यात किंवा त्यामागे तिनाचे काही नाते असावे, एवढी मुख्य अट आहे. तिच्यासोबत एक पोटअट घालते, आणि तिच्यावरून वाद होणार हे गृहीत धरूनच घालते: केवळ तीन वस्तू शेजारी मांडून काढलेले चित्र चालणार नाही. तीन शहाळी, उंबऱ्याशी काढलेल्या तीन चपला, कट्ट्यावर बसलेली तीन मांजरे, या चित्रांत एखादे मांजर कमी-जास्त झाले असते तरी काही बिघडले नसते. तिथे तीनच का, याचे उत्तर चित्रातून किंवा त्याखालच्या मजकुरातून मिळाले पाहिजे.

प्रचि (प्रकाशचित्र) १: भात उकडण्याची चूल. मांगराच्या मागे चिऱ्याच्या तीन तुकड्यांवर तांब्याचे मोठे तपेले चढवलेले आहे. तुकडे एकसारखे नाहीत. एक तर कोपरा उडालेला आहे. तरीही काठोकाठ भरलेले तपेले डुगडुगत नाही, कारण कोणत्याही तीन टेकूंवर भांडे आपोआप बसते. चौथा दगड घातला की एक हमखास आखूड पडतो आणि त्याखाली खापरी सारावी लागते. शिवाय तीन दगडांमध्ये तीन फटी राहतात, त्यामुळे वारा फिरला की लाकडे दुसऱ्या बाजूने सारता येतात. चित्रात उजवीकडची फट काळी दिसते आहे. खारा वारा त्याच बाजूने येत होता, म्हणून ती मोकळी सोडली होती.

प्रचि २, ३ आणि ४: सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचे काम सुरू केले. चहूबाजूंनी खारे पाणी असताना बेटाच्या पोटात या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, आणि ते नसते तर तटबंदी कितीही मजबूत असून उपयोग झाला नसता. चित्रे काढताना तिन्ही ठिकाणी कॅमेरा काठावरून सरळ खाली धरला आहे, म्हणजे पाण्यात आभाळाचा तुकडा आणि कडेला घडीव दगड एवढेच दिसावे. नावे झाकली तर कोणती बाव कोणती हे ओळखता येते का, ते जाणकारांनी सांगावे.

रापणकर

विषय उत्तम आहे आणि पोटअट त्याहून उत्तम आहे. सिंधुदुर्गाचा उल्लेख झालाच आहे, तर त्याच्या सोबतीच्या तीन दुर्गांचेही चित्र देतो. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट यांपैकी राजकोट मालवणच्या किनाऱ्यावर आहे, सर्जेकोट उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या मुखाशी आहे आणि पद्मगड किनारा व सिंधुदुर्ग यांच्या मधोमध पाण्यात आहे. हे तिघे एका चौकटीत आणण्याचा प्रयत्न मी सोडून दिला, कारण तसे केले की प्रत्येकाची रेघ होते.

तसे चित्र साधायचे असेल तर हर्णैला जावे. समुद्रात सुवर्णदुर्ग आणि समोर जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवागड असा तिथला मांड आहे. सुवर्णदुर्गाकडे जाणाऱ्या होडीत पुढे तोंड करून बसण्याऐवजी पाठ फिरवून बसावे आणि किनारा दूर होत जाईल तसे पाहत राहावे. कनकदुर्ग त्यावरच्या दीपगृहामुळे लगेच ओळखू येतो. गोवागडाची तटबंदी तिघांत सर्वांत धड आहे, म्हणून तोही सापडतो. फत्तेगड मात्र शोधावा लागतो, कारण त्याच्यावर आता कोळ्यांची वस्ती आहे आणि किल्ल्याची म्हणावी अशी खूण फारशी उरलेली नाही. माझ्या चित्रात जिथे रंगीत घरांची दाटी, वाळत घातलेली जाळी आणि पाण्याच्या काळ्या टाक्या दिसत आहेत, तो फत्तेगड आहे. हे सांगितल्याशिवाय कोणी त्याला किल्ला म्हणणार नाही, आणि मला हे चित्र आवडते ते त्यामुळेच.

तिघांचे कारण उघड आहे. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने कमोडोर जेम्सच्या हाताखाली तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, त्या लढाईतही समोरच्या किनाऱ्यावरच्या या दुर्गांचा हिशेब धरावाच लागला होता. पाण्यातल्या किल्ल्याला जमिनीवरून आधार आणि रसद लागते. ती पुरवणारे हे तिघे होते.

चाकरमानी

धागाकर्त्यांचा मान राखून पोटअटीला विरोध नोंदवतो. आम्ही वर्षातून गणपती आणि शिमग्याला गावी येणारी माणसे. आम्हांला जे दिसते ते चहाचे तीन पेले आणि वळचणीला लटकलेल्या तीन काकड्या असेच असते. त्यात कारण शोधायला लागलो तर चित्र काढण्याची मजा जाईल. तीन वस्तू चौकटीत चांगल्या दिसतात, दोन समोरासमोर भांडल्यासारख्या वाटतात आणि चार म्हणजे गर्दी होते. हे कोणताही छायाचित्रकार सांगेल. मग 'दिसायला चांगले' हे कारण का धरू नये?

तरीही अटीत बसणारे एक चित्र देतो. कोकण रेल्वेच्या एका लहान स्थानकाचा पिवळा फलक. नाव तीन ओळींत आहे: मराठी, हिंदी आणि इंग्रजी. रेल्वेच्या लेखी या तीन भाषा आवश्यक आहेत, म्हणजे तीन असण्याला सरकारी कारण आहे. गंमत अशी की वरच्या दोन ओळी अक्षरशः एकसारख्या आहेत. पावसाळ्यातले चित्र आहे, फलकाच्या खांबांवर शेवाळ चढले आहे आणि मागे डोंगर कापून काढलेली लाल भिंत दिसते. शिवाय २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गाने वाहतूक सुरू झालेली ही रेल्वे महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक अशा तीनच राज्यांतून जाते. हा झब्बूवर झब्बू समजावा.

खाडीकाठ

फलक मान्य, राज्ये मान्य. काकड्या अमान्य.

'दिसायला चांगले' या कारणाबद्दल मात्र थोडे बोलायला हवे. तीन वस्तू चौकटीत शोभतात हे खरेच आहे, कारण मधली एक ठरते आणि नजरेला टेकायला जागा मिळते. पण तो छायाचित्रकाराने केलेला मांड झाला, वस्तूंचा आपसातला संबंध झाला नाही. तुम्ही काकड्या सरकवून चित्र सुधारू शकता. सुवर्णदुर्गासमोरचे तीन किल्ले सरकवता येत नाहीत. तुम्हालाच होडीत पाठ फिरवून बसावे लागते. या झब्बूत मला दुसऱ्या प्रकारची चित्रे पाहायची आहेत.

माडबाग

मग आमच्या आगरातले घ्या.

प्रचि १: सोललेला नारळ, शेंडी उपटून काढलेला, अगदी जवळून. तीन डोळे स्पष्ट दिसत आहेत. नीट पाहिलेत तर त्यांतील दोन खडखडीत कठीण आहेत आणि एकावरचा पापुद्रा पातळ आहे. सुरीचे टोक फक्त त्या एकातच शिरते. नारळ रुजायला घातला की कोंब येतो तोही तिथूनच. नारळाच्या फुलातला बीजकोश मुळात तीन दलांचा असतो. त्यांतले एकच दल पुढे फळ धरते आणि उरलेली दोन मिटून जातात, पण तिघांची खूण डोळ्यांच्या रूपाने करवंटीवर राहते. करवंटीवरून बोट फिरवले तर तिला उभ्या तीन शिराही लागतात. नारळ विकताना शेंडी का ठेवतात, याचे उत्तर या चित्रात आहे: मऊ डोळा झाकलेला राहिला की नारळ आतून लवकर खराब होत नाही.

हे चित्र काढताना उजेड समोरून घेतला तर डोळे सपाट दिसतात. मी नारळ पडवीच्या कडेला ठेवला आणि सकाळचा उजेड आडवा येऊ दिला, त्यामुळे प्रत्येक डोळ्याच्या कडेची सावली पडली आणि खोली दिसू लागली.

प्रचि २: पळसाचे पान. म्हण सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा फार लिहीत नाही. तीन दिसतात ती खरे तर एकाच पानाची तीन दले आहेत. मधले मोठे, बाजूची दोन थोडी वाकडी. हाच नमुना पांगाऱ्यात आहे, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपण पेरतो त्या कुळथातही आहे. म्हणून चित्रात डावीकडे पळसाचे पान आणि उजवीकडे कुळथाचे कोवळे पान ठेवले आहे. आकार सोडला तर दोघे एकाच घरातले वाटतात, आणि वनस्पतीच्या कुळाने ते आहेतही.

प्रचि ३: मे महिन्यातले अंगण. एका सुपात रातांब्यांच्या फोडलेल्या साली, शेजारी कळशीत गराचा रस आणि तिसऱ्या जागी पोत्यावर पसरलेल्या बिया. सालींना त्याच रसाची मीठ घालून पुन्हा पुन्हा पुटे दिली आणि उन्हात वाळवल्या की आमसुले होतात. रस मीठ घालून भरून ठेवला की आगळ होते. बिया फोडून, कुटून, उकळून जे तूप वर येते ते थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायचे मुठेल. एका फळाची तीन कामे आहेत आणि टाकायला काही उरत नाही. चित्रात साली दोन रंगांच्या दिसतात: लालभडक त्या पहिल्या पुटाच्या आणि काळपट त्या दोन-तीन उन्हे खाल्लेल्या. हातांना लागलेला रंग मात्र चित्रात आलेला नाही, तो पुढचे काही दिवस प्रत्यक्षच दिसत असतो.

पडवी

विषयाला धरून एक शंका विचारते. आमच्या घरी तिघांचे चित्र काढू देत नसत. तिघांत मधल्याला बाधते असे आजी म्हणत असे, आणि वर 'तीन तिगाडा, काम बिगाडा' हे ऐकवत असे. माझ्याकडे आई आणि तिच्या दोन बहिणींचे एक जुने कृष्णधवल चित्र आहे, ते देते आहे (चेहरे पुसट केले आहेत). तिघी उभ्या आहेत आणि उजव्या बाजूला विनाकारण एक क्रोटनची कुंडी आहे. संख्या चार करण्यासाठी छायाचित्रकाराने ती आणून ठेवली होती, अशी घरातली हकीकत आहे. कुंडी ज्यावर ठेवली आहे ती तिपाई आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नसावे.

तर हे चित्र झब्बूत बसते का? यात तीन आहेत, पण ते लपवण्यासाठी केलेली खटपट हाच चित्राचा विषय आहे.

खाडीकाठ

बसते, आणि आतापर्यंतच्या चित्रांत सर्वांत पक्के बसते. तीनच का, याऐवजी तीन का नको, याचे उत्तर त्यात आहे.

रापणकर

ही समजूत आमच्याकडेही होती. मत्स्यव्यवसायातल्या माणसांना समजुतींचे वावडे नसते, पण छायाचित्राच्या बाबतीत ती पाळताना एक फायदा नकळत होत असे: चौथ्या जागी घरातले एखादे लहान मूल किंवा कामाला आलेले गडी-माणूस उभे केले जाई. अन्यथा त्यांचे चित्र कधी निघाले नसते.

दर्यावर्दी

माझ्याकडे तीन चित्रांचा एकच झब्बू आहे. श्रीवर्धनहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीला दुचाकीवर निघालात, तर तीन खाड्या आडव्या येतात आणि तिन्ही ठिकाणी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, गाडी घालावी लागते. बागमांडल्याहून वेशवीला जाताना सावित्री, दाभोळहून धोपाव्याला जाताना वासिष्ठी आणि तवसाळहून जयगडला जाताना शास्त्री. पहिली खाडी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा लागतो, पुढच्या दोन मात्र तालुक्यांच्या सीमा आहेत.

तिन्ही चित्रे एकाच जागेवरून काढली आहेत: बोटीच्या पुढच्या तोंडाशी, वर उचललेल्या लोखंडी फळीच्या डाव्या साखळीजवळ. साखळी तिन्ही चित्रांत डावीकडे आहे, म्हणजे पाहणाऱ्याला बदल फक्त समोरच्या काठात दिसावा. पहिल्यात वेशवीकडचा डोंगर जवळ येतो आहे आणि बाणकोटचा किल्ला कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्यात वासिष्ठीचे पात्र इतके रुंद आहे की धोपाव्याचा काठ निळसर पट्टी झाला आहे आणि मधल्या पाण्यात एक मच्छीमार होडी आहे. तिसऱ्यात संध्याकाळ झालेली आहे. तवसाळहून सुटताना सूर्य उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला असतो. त्यामुळे साखळीचा एकेक कडा एका बाजूने तांबडा झाला आहे.

एक सूचना करतो. बोटीच्या तोंडाशी उभे राहिले की खाऱ्या पाण्याचे तुषार भिंगावर येतात. ते सदऱ्याने पुसू नयेत, कारण मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवावेत, मग गोड्या पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ फडक्याने टिपावेत. आणि फळी खाली जायला लागली की कॅमेरा पिशवीत घालून गाडीपाशी जावे; मागच्या रिक्षावाल्यांना आपल्या छंदाचे कौतुक नसते, आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये.

वाडीवरची

खाड्यांची चित्रे फार आवडली. काळाच्या ओघातले तीन चालत असेल तर गौरीचे तीन दिवस देते.

पहिला दिवस अनुराधा नक्षत्रावर आवाहनाचा, दुसरा ज्येष्ठा नक्षत्रावर पूजनाचा आणि तिसरा मूळ नक्षत्रावर विसर्जनाचा. आमच्याकडे गौर मुखवट्याची नसते, तेरड्याची असते. पहिल्या चित्रात पाणवठ्यावर उपटलेली तेरड्याची रोपे मुळांसकट धुतलेली आहेत. पाकळ्या गुलाबी आणि देठ इतके पाणीदार की उजेड आरपार जातो. दुसऱ्या चित्रात तीच रोपे साडी नेसून, दागिने घालून सजलेली आहेत आणि समोर घावन-घाटल्याचा नैवेद्य आहे. शेजारच्या वाडीत याच दिवशी तिखटाचा नैवेद्य असतो, तो वासावरून कळतो, चित्रातून नाही. तिसऱ्या दिवशी पदर तसाच आहे, पण त्यातून डोकावणारी फुले मलूल होऊन कडेने तपकिरी झाली आहेत.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे आपण उथळ उत्साहाच्या माणसाला हिणवून म्हणतो. ही चित्रे शेजारी लावल्यावर मला ते हिणवणे थोडे अन्यायाचे वाटू लागले आहे. त्या रोपाकडून तीनच दिवसांची अपेक्षा होती आणि ती त्याने पुरी केली.

तिन्ही चित्रे एकाच खिडकीच्या उजेडात, विजेचे दिवे बंद ठेवून काढली आहेत. दिव्यांच्या माळेच्या प्रकाशात तेरड्याचा गुलाबी रंग पार बदलतो, आणि मग तीन दिवसांत रंग उतरला की माळेने तो उतरवला हे सांगता येत नाही.

मुचकुंदी

तीन दिवस झाले, आता तीन वर्षे घ्या. राजापूरची गंगा. उन्हाळे गावात गरम पाण्याच्या झऱ्यापासून जवळच चौदा कुंडे आहेत. एरवी ती कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी त्यांत पाणी येते, असा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. अलीकडे हा क्रम बिघडलेला आहे, गंगा लवकर येते किंवा जास्त काळ राहते, त्यामुळे कोणी तारीख ठरवून जाऊ नये.

माझी दोन चित्रे आहेत. एकात कोरडे कुंड, तळाशी वाळलेला पाला आणि काठावर ऊन खाणारा सरडा. दुसऱ्यात तेच कुंड भरलेले, पायऱ्यांवर ओली लुगडी आणि पाण्यात वाकलेल्या माणसांची प्रतिबिंबे. दोन्ही चित्रे एकाच पायरीवरून काढली आहेत. पाणी कसे येते याबद्दल श्रद्धेचे उत्तर वेगळे आहे. दुसरे स्पष्टीकरण वक्रनलिकेसारख्या भूमिगत पोकळ्यांचे दिले जाते: डोंगराच्या पोटात पाणी साचत राहते, ठरावीक पातळी गाठली की ते एकदम वाहू लागते आणि पोकळी रिकामी झाली की थांबते. दोन्ही उत्तरे तिथल्या पायरीवर शेजारी बसून ऐकायला मिळतात आणि त्यावरून भांडण झालेले मी पाहिले नाही.

चाकरमानी

चित्रे दोन आणि विषय तीन? धागाकर्त्यांनी निवाडा करावा.

मुचकुंदी

तिसरे चित्र मधल्या काळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे आहे. ते काढता येत नाही.

खाडीकाठ

निवाडा मुचकुंदींच्या बाजूने. (चाकरमानी यांनी काकड्यांचा राग इथे काढू नये.)

जांभा

राजापुरात आहोतच तर बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, या. तिथल्या कातळशिल्पांत एक रचना अशी आहे की मध्ये माणसाची आकृती आणि दोन्ही अंगांना एकेक वाघ. कशेळी, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी इत्यादी ठिकाणांसोबत बारसूचाही समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला.

या चित्रात तीन असणे किती महत्त्वाचे आहे ते पाहा. एक वाघ झाकला तर उरते ती झुंज किंवा शिकार. दोन्ही वाघ झाकले तर नुसता उभा माणूस. तिघे एकत्र आल्यावरच मधला माणूस दोघांना आवरून धरतो आहे असे वाटू लागते. कोरणाऱ्याच्या मनात काय होते ते त्यालाच ठाऊक, पण त्याने मांड विचार करून केला आहे यात मला शंका नाही.

छायाचित्र काढणे मात्र कठीण आहे. शिल्प जमिनीवर आडवे असते, खोदाई उथळ असते आणि जांभ्याचा पृष्ठभाग मुळातच खडबडीत असतो, त्यामुळे भर दुपारी समोर उभे राहूनही काही दिसत नाही. सूर्य क्षितिजाला टेकत असताना, उजेड अगदी आडवा असताना, खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि आकृती वर येते. हा वेळ थोडाच असतो. रेघा स्पष्ट दिसाव्यात म्हणून काही जण त्यांत खडू किंवा चुना भरतात; कृपया असे कोणी करू नये. पाणी ओतून पाहण्याचाही मोह टाळावा. शिल्पाच्या आत पाय न ठेवता, एका कोपऱ्यावरून कॅमेरा लांब काठीवर उंच धरून काढलेले माझे चित्र वर दिले आहे; डावा वाघ थोडा लांबट झाला आहे, तो त्या कोनामुळे.

उजेडवाट

आतापर्यंतच्या चित्रांत तीन हा विषय होता. माझ्या चित्रात तीन ही कृती आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ठिकाण हेदवीची बामणघळ. भरतीच्या वेळी काळ्या कातळातल्या अरुंद घळीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळते. चित्रात कातळ जसा आहे तसाच काळा दिसतो आहे, आभाळही नेहमीचे आहे, पण उसळलेले पाणी लाल, हिरवे, निळे, मध्येच पिवळे आणि राणी रंगाचे दिसते. रंग वरून भरलेले नाहीत.

रंगीत छायाचित्राच्या मुळाशीच तीन आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, म्हणून लाल, हिरवा आणि निळा या तीन उजेडांच्या मिश्रणातून बाकीचे रंग भासवता येतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला हे दाखवून दिले. चौकड्यांच्या फितीची तीन कृष्णधवल चित्रे थॉमस सटन यांनी तीन रंगांच्या गाळण्यांतून काढली होती. ती त्याच रंगांच्या उजेडात एकावर एक पाडली आणि फीत रंगीत दिसली. गमतीचा भाग असा की त्या काळच्या काचांना लाल उजेड कळतच नव्हता. फितीच्या तांबड्या भागातून परतणारा अतिनील प्रकाश लाल गाळणीतून पार होत होता आणि तो काचेवर उमटला, म्हणून प्रयोग साधला. हे उलगडायला पुढे शंभर वर्षे लागली.

आता बामणघळ. कॅमेरा तिपाईवर घट्ट बांधून मी एकामागोमाग तीन चित्रे काढली. संगणकावर पहिल्यातला फक्त लाल भाग घेतला, दुसऱ्यातला हिरवा, तिसऱ्यातला निळा, आणि तिन्ही जोडले. जे हलले नाही, म्हणजे कातळ, तिथे तिन्ही भाग बरोबर जुळून मूळ रंग परत येतो. जे हलले, म्हणजे पाणी, ते प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असते. फेस फक्त पहिल्या चित्रात एका जागी असेल तर तिथे लाल दिसतो, पहिल्या दोहोंत असेल तर पिवळा, आणि तिन्हींत असेल तिथे पांढराच राहतो. कोडॅकमधल्या रॉबर्ट हॅरिस यांनी फिल्मच्या काळात यासाठी तीन गाळण्यांची एक पट्टी बनवली होती. झडप उघडी असताना ती भिंगासमोरून घसरत खाली पडे. म्हणून या पद्धतीला हॅरिस शटर म्हणतात.

दोन चित्रांनी हे साधत नाही, कारण कातळाचा रंग पुरा होत नाही. चौथ्या चित्राला जागाच नाही.

माडबाग

अप्रतिम. पण कॅमेऱ्याच्या संवेदकावर चार-चारांचे गट असतात असे वाचले होते, त्याचे काय?

उजेडवाट

बरोबर वाचले आहे. ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळीत दर चार घरांमागे दोन हिरवी, एक लाल आणि एक निळे असते. त्याचे पेटंट १९७६ चे आहे. घरे चार असली तरी रंग तीनच आहेत. हिरव्याला दुप्पट वाटा आहे, कारण बारकावे टिपताना आपली नजर त्या पट्ट्यावर अधिक अवलंबून असते.

पडवी

हे मोबाइलवर जमेल का? आणि पुळणीवर तिपाई स्थिर कशी ठेवावी? माझी प्रत्येक लाटेबरोबर थोडी खचते.

उजेडवाट

मोबाइलवर जमते, फक्त उजेडाचे माप आणि पांढऱ्याचा तोल तिन्ही चित्रांत एकच राहील असे कुलूप घालावे, नाहीतर कातळही रंगीत होतो. खचण्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पायाखाली एकेक करवंटी पालथी ठेवणे. घरी आल्यावर तिपाईचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, कारण सांध्यात शिरलेली वाळू आणि मीठ मिळून पेच कायमचे धरून ठेवतात. आणि बामणघळीत भरतीला काठाशी जाऊ नये. कातळ शेवाळलेला असतो आणि पाणी कोणत्या लाटेला किती उंच येईल याचा नेम नसतो. माझे चित्र लांबच्या भिंगाने, बरेच मागून काढलेले आहे.

खाडीकाठ

तिपाईचे तीन पाय खडबडीत कातळावर डुगडुगत नाहीत, हेही नोंदवून ठेवते. मी दिलेल्या चुलीचे भूमितीचे कारण तिथेही लागू आहे. चाकरमानी, तुमच्याकडून अजून एक चित्र येणे आहे.

चाकरमानी

देतो. नांदगाव तिठा. महामार्गावरून देवगडचा फाटा जिथे फुटतो ती जागा. चित्र रात्रीचे आहे, झडप बराच वेळ उघडी ठेवली आहे. मुंबईकडून येणारी पांढरी रेघ, गोव्याकडे जाणारी तांबडी रेघ आणि देवगडकडे वळलेली एसटीची तिसरी, जी मधोमध थोडा वेळ थांबून उजेडाचा ठिपका करून गेली आहे, कारण कोणीतरी उतरले. रस्ता चौपदरी होताना आपल्या अनेक तिठ्यांचे रूप पालटले. वर पूल आला आणि खाली उतरणारे माणूस अंधारात राहिले. त्यामुळे जिथे अजून तिन्ही बाजू एका नजरेत येतात, अशा तिठ्यांची चित्रे या निमित्ताने कोणाकडे असतील तर द्यावीत. इथे तीनच का, हे मला विचारू नये. चार रस्ते असते तर त्याला तिठा कोणी म्हटले नसते.

खाडीकाठ

मान्य, विनातक्रार. फक्त वरचा भाग थोडा कापून चित्र पुन्हा चढवावे, विजेच्या तारा फार आल्या आहेत. तिठ्यांसाठी वेगळा धागा काढायचा असेल तर तुम्हीच काढावा. कसाल आणि झाराप या दोन ठिकाणची माझ्याकडची जुनी चित्रे मी त्यात देईन.